साध्या पाण्यातलं रक्त

भीमण्णा मास्तर गेल्याचा निरोप खजुरीहून बिदरला आला, तेव्हा मला रडू फुटलं नाही. आधी धास्ती वाटली... जाण्यापूर्वी त्यांनी कुणाला सांगितलं तर नसेल? पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते हेच.

निजामाच्या राज्यातली आमची शाळा. भीमण्णा मास्तर, आमचे अण्णा, विज्ञान शिकवीत, मी त्यांचा मदतनीस. नोकरी अजून कच्ची. त्या दिवशी मुहतमीमसाहेब शाळा तपासायला येणार होते आणि त्यांच्या शेऱ्यावरच मी पक्का होणार होतो. अण्णांनी औषधाच्या बाटलीचं बूच वस्तऱ्यानं कातून त्याचा पापुद्रा एका काचेवर ठेवला होता. दुसऱ्या काचेवर स्वतःच्या बोटाचं रक्त घेणार होते. त्यासाठी मिठाचं बेताचं पाणी त्यांनी सकाळीच एका बाटलीत करून ठेवलं होतं. पुसापुशीत ते माझ्या हातून सांडलं. बाहेर टांगा थांबला... घाबरून मी बाटली माठातल्या पाण्यानं भरली आणि गप्प राहिलो.

साहेबांनी खुर्दबिनीतून, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून, बूच पाहिलं, खूश झाले. रक्त पाहून मात्र हसले. "मास्टर, ये तो शरबत हय! इसमें कुछ बी नै दिखता."

अण्णांनी डोळा लावला, मग माझ्याकडं पाहिलं. माझी नजर माठाकडं गेली.

"गलती मेरी हय, हुजूर. सादा पानी पड गया," ते म्हणाले आणि मुलांकडं वळले. "बघा रे, बुचाच्या पेशी मेलेल्या, आत नुसती हवा. पण भिंत जाड, वर मेणावानी लेप. पाणी काय करणार? आपल्या पेशीला भिंतच न्हाई, पातळ पडदा हाय. सादं पाणी आत शिरायलंय अन् ती फुगून फुटायलीय."

शेरा वाईट पडला, पण तो अण्णांच्या नावावर. अण्णांची बदली खजुरीच्या चौथीपर्यंतच्या शाळेत झाली. खुर्दबीन पुन्हा त्यांच्या हाती लागली नाही. मी पक्का झालो. त्यांना निरोप देताना खरं काय ते ओठांवर आलं होतं, पण गिळलं. पुढं तर त्यांना भेटायचीच भीती वाटू लागली...

त्यांचे दिवस झाल्यावर खजुरीला गेलो. त्यांच्या पत्नीसमोर, अक्कांसमोर बसून सांगितलं, "पाणी मी बदललं होतं, अक्का."

"ठाऊक हाय की. घरी येऊन त्याच सांजेला बोलले होते."

"अजून कुणाला...?"

"कुणाला सांगत्यात? म्हणायचे, भित्रा हाय, पण येईल एक दिवस. कामून आला न्हाईस रे?"

मी नजर वळवली. दारात एक खुर्ची होती, रस्त्याकडं तोंड करून.

"शाळा सुटली की तिथंच बसायचे," अक्का म्हणाल्या. "बस की तिच्यावर."

मी उभाच राहिलो.