सगळी गर्दी सुधाकरकडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण परवा मी पुन्हा खोटं बोललो.

अंबाजोगाईच्या एका शिक्षणसंस्थेची वेबसाइट मी सांभाळतो. वसतिगृहाचे फॉर्म तिथंच भरतात. काही वर्षांपूर्वी तिच्यामागे दोन सर्व्हर होते—जुना माझा, नवा सुधाकरनं उभा केलेला. दोघांच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी. येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे पोचतो. कुणाला कुठल्या सर्व्हरकडे धाडायचं, ते ती ठरवते. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. तिचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. संस्थेचे साहेब म्हणाले होते, गर्दीत जो सर्व्हर टिकेल तो ठेवू.

सुधाकर घाटनांदूरचा. काम मीच शिकवलं होतं त्याला. मग का जळत होतो मी? त्याचं पान पटकन उघडायचं म्हणून? की साहेब माझ्यादेखत म्हणाले, "लई भारी केलंस बे," आणि तो हसून म्हणाला, "दादांनीच शिकवलंय," म्हणून? तो माजला असता तर बरं झालं असतं. ते हसणंच—ते मला सोसत नव्हतं.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी साइटवर झुंबड उडते. ट्रकमध्ये चढण्याआधी आईबापांना पोरांची सोय लावायची असते. त्याच सकाळी मी प्रॉक्सीतले वाटणीचे आकडे बदलले. माझ्याकडे जेमतेम कुणी. बाकी सगळे सुधाकरकडे.

दुपारी त्याचा सर्व्हर बसला. मी आकडे गुपचूप पूर्ववत केले.

"कावून पडला बे?" साहेबांनी विचारलं. सुधाकरनं माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी—दुसऱ्या कशासाठी?

"कोड तपासावा लागंल त्याचा," मी म्हणालो.

फॉर्म कागदावर घेतले, पोरांचं अडलं नाही. सुधाकरचं अडलं. नसलेली चूक शोधता शोधता त्यानं चालणारा कोडही मोडून टाकला. माझा सर्व्हर राहिला. तो गावी गेला, मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं.

परवा त्याचा फोन आला. "दादा, सहज इचारतो. ती चूक तुमाला सापडली का वो? मला अजून न्हाई सापडली."

इतकी वर्षं तो शोधतोय. आणि मी—

"न्हाई रे," म्हणालो.

"जाऊ द्या. कधी इकडं आलात तर दुकानावर या, चहा घिऊ."

येतो, म्हणालो.