शेजारच्या आंब्याची सावली

मे महिन्याच्या सुट्टीत अंगणात भावंडांना जेवायला बोलावलं. खानदेशी शेवभाजी, वऱ्हाडी वडाभात, कोकणातलं सांदण. ताटं मोजकीच, म्हणून शेजारी एकटे राहणाऱ्या अण्णांना मी वगळलं. आमच्याकडे झाड नाही. बसलो होतो ती सावली कुंपणापलीकडच्या त्यांच्या आंब्याची, हे पहिल्या घासाला ध्यानात आलं. सावलीचा हिशेब आपण धरतच नाही.

जेवता जेवता ती सरकत त्यांच्या अंगणात गेली.

“उन्हात काय बसलात? ताटं घेऊन इकडे या की!” अण्णांनी फाटक उघडलं. सगळे हसत उठले. मीही मान खाली घालून निघालो.

“अण्णा, तुमचं जेवण?” बायकोने विचारलं.

“केव्हाच झालं, वहिनी.”

तेवढ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरची पहिली शिट्टी झाली.