परत आलेलं ताट

पाच हॉटेलांची मालकीण असूनही काकी कधी हॉटेलच्या पुढच्या दाराने आत शिरली नाही. गाडी थांबते न थांबते तोच उतरायची, बाजूच्या बोळातून मागे जायची आणि थेट मोरीवर उभी राहायची. तिथे उष्टी ताटं येऊन पडत. पदर खोचून ती एकेक ताट न्याहाळायची आणि मगच स्वयंपाकघराकडे वळून विचारायची, "आज वरण आंबट झालं काय गा?" आचाऱ्याने तोवर तिला नमस्कारही केलेला नसायचा. इतर हॉटेलवाले बाहेर जाणारं ताट तपासतात, काकी परत आलेलं तपासायची. "गिऱ्हाईक तोंडानं खोटं बोलते," ती म्हणायची, "ताट नाई बोलत."

माझी नेमणूकसुद्धा ताटावरूनच झाली. रायपूरच्या एका हॉटेलातली नोकरी सुटली होती, घरी अजून सांगितलं नव्हतं, आणि मी गोंदियाच्या 'काकी भोजनालया'त जेवायला बसलो होतो. हात धुऊन वळतो तर मोरीकडून एक ठेंगणी बाई माझंच ताट हातात घेऊन येताना दिसली. "काम सुटलं काय बाबू?" मी उडालोच. तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं तर ताट माझ्यापुढे धरून म्हणाली, "खाऊनपिऊन सुखी माणूस कढीपत्ता बाजूले काढते. तू कढीपत्ताही खाल्ला." दुसऱ्या दिवशी मी तिथला मॅनेजर झालो. इतक्या वर्षांत माझ्या कामाची तिने तोंडभर स्तुती केल्याचं आठवत नाही, पण तो कढीपत्ता मात्र ती आल्यागेल्याला सांगत असे.

ताटं वाचायची ही खोड तिला नवेगावबांधच्या तलावाकाठी लागली. नवऱ्याने इटियाडोह धरणाच्या कालव्यावर मक्त्याने धानाची शेती केलेली. थंडीत तलावावर पक्षी बघायला शहरातली माणसं यायची. काकीने तिथे ताडपत्री बांधून भात आणि मासोळीचा रस्सा विकायला सुरुवात केली. धान नुकतंच घरी आलं होतं. आमच्याकडे नवं धान निघालं की त्याचा भात आधी देवापुढे ठेवायचा, मग पाहुण्याला वाढायचा, ही रीत. काकीच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे पाहुणाच, तेव्हा तिने पहिल्या दिवशी मोठ्या मानाने घरचा नवा तांदूळ शिजवला. नवा तांदूळ गोड खरा, पण शिजला की चिकट होतो. शहरातली मंडळी "मस्त होतं हो मावशी" म्हणत उठून गेली आणि ताटांत भाताचे गोळे तसेच राहिले. काकी ताडपत्रीमागे बसून रडली. नवऱ्याने एक घास खाल्ला आणि सांगितलं, "अवं, हे आपल्याले गोड लागते, त्यायले नाई लागत." त्या दिवसापासून तिच्याकडे वर्षभर मुरलेला जुना तांदूळच शिजला. आणि कुणी कितीही "मस्त होतं" म्हणालं तरी ताट पाहिल्याशिवाय तिने विश्वास ठेवला नाही.

नवेगावनंतर अर्जुनी झालं, मग तिरोडा, मग गोंदिया. लोक विचारायचे, काकी एवढी वाढली कशी? मी सांगायचो, तिला एका जागी राहवत नाही म्हणून. तिरोड्यात असली की गोंदियाचा जीव लागायचा आणि गोंदियात पोचली की तिरोड्याचं वरण करपत असल्याचा भास व्हायचा. जेवायची उभ्यानेच, तेही दुसऱ्याशी बोलत. आम्ही टेकलेलो दिसलो की ओरडायची, "काऊन बसून राहिले रे? पाय दुखले काय?" भाचीच्या लग्नात ती अक्षतांच्या वेळी सापडेना. शोधाशोध केली तर जरीचं लुगडं सावरत मांडवामागे उष्ट्या पत्रावळी पाहत उभी! "बुंदी जास्त तळली," एवढंच म्हणाली आणि अक्षता टाकायला आली. अशा माणसाजवळ नोकरी करणं म्हणजे भरधाव गाडीत उभं राहणं. पण खरं सांगतो, उतरावंसं कधी वाटलं नाही.

तिरोड्याला वीज प्रकल्पावर काम करायला देशभरातून आलेली ठेकेदारांची माणसं जेवायला यायची. त्यांच्या ताटांत भात संपलेला आणि रस्सा तसाच. काकीने कुणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी भातावर पातळ डाळ ओतली आणि रस्सा वाटीत वेगळा ठेवला. ताटं लख्ख परत आली. गोंदियाला तऱ्हा निराळी. तिथे एक व्यापारी रोज जेवून "बहुत बढ़िया, काकी!" म्हणायचा आणि अंबाडीची भाजी उरलेल्या पोळीखाली दडवून उठायचा. काकीने दोन-चारदा पाहिलं आणि एके दिवशी भर गर्दीत त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. "भैया, पसंद नहीं आया तो बोलने का. छुपाते कायको?" सगळं हॉटेल हसलं. तो बिचारा लाजला, मग म्हणाला, "आपको बुरा लगता, काकी." काकीने त्याचं ताट स्वतःच उचलून मोरीवर नेलं. त्याच्या ताटात पुन्हा अंबाडी आली नाही, आणि त्याने हॉटेल बदललं नाही.

नागपूरचं हॉटेल तिच्या मुलाचं, दिनेशचं स्वप्न. रस्सा गोंदियात एकाच ठिकाणी करायचा आणि गाडीने नागपूरला न्यायचा, असा त्याचा बेत. त्यावरून मायलेकांत महिनोन्‌महिने वाजलं. "रस्सा गाडीत बसून नागपूरले जाईन, मंग तिथं त्याले कोण ओळखन?" ती म्हणायची. दिनेश चिडायचा, "आई, तू कुठं कुठं पुरशील? तुझ्यामागं हे सारं चालाले पायजे का नाई?" 'तुझ्यामागं' हा शब्द तिला लागला. पण तिने होकार दिला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोट्टं हिशेबाचं हाय, मनोहर. हाताचं नाई. मी गेली का हे हॉटेलं राहतीन, पण माहं जेवण राहन काय, सांग?" तिच्या सगळ्या धावपळीमागे ही एकच भीती होती, हे मला त्या दिवशी कळलं.

नागपूरला मोठी इमारत, काचेची दारं. आणि ताटं धुवायची यंत्रं तळघरात! उष्टी ताटं एका छोट्या लिफ्टमधून खाली जायची आणि खाली पोचताच कुणीतरी ती खरडून टाकायचं. उद्घाटनाला आलेले लोक काकीला शोधत होते आणि ती जिन्यावरून वर-खाली करत होती. वर आली की खाली काय आलं याची चिंता, खाली गेली की वरची. संध्याकाळी त्याच जिन्यावर छातीला हात लावून ती मटकन बसली. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही तिला बसलेलं पाहिलं आणि घाबरलो. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. नवेगावच्या घरी, ओसरीतल्या खाटेवर काकीची रवानगी झाली.

पिंजऱ्यातलं पाखरू परवडलं, अशी तिची अवस्था. सकाळपासून फोन सुरू. "ताटं कशी येऊन राहिली?" चांगली येतात म्हटलं तर ऐकायची नाही. "तुह्यं तोंड नोको सांगू, ताट सांग." शेवटी मी पाचही मोऱ्यांवरच्या पोरांना ताटांचे व्हिडिओ काढून पाठवायला लावलं. लोक सकाळी देवाचे फोटो बघतात, काकी खाटेवर चष्मा लावून उष्टं बघायची.

एका दुपारी तिने मला तातडीने बोलावलं. मी पोचलो तेव्हा नागपूरचा व्हिडिओ तिच्या हातात होता. ताटाताटांत भात उरलेला. "हा तांदूळ नवा हाय," ती म्हणाली. "कोणं पाठवला?" मी दिनेशला फोन लावला आणि तिच्या हातात दिला. तिने तोच प्रश्न त्याला केला. तो म्हणाला, "आई, आपल्या शेतातलं नवं धान निघालं होतं. नागपूरचं पहिलंच वर्ष. गिऱ्हाईकाले आपलं नवं वाढावं, असं वाटलं."

काकीने फोन छातीवर ठेवला. मग हसू लागली, खोकला येईपर्यंत हसत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माह्याच पोटचा हाय रे मनोहर! माहीच चूक करून राहिला." तिने फोन परत कानाला लावला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "जुना लाव, बाबू. नवा मले पाठव."

त्यानंतर तिचे फोन कमी झाले. व्हिडिओ यायचे, ती उघडायची नाही. आम्हाला वाटलं, काकी निवांत झाली. मला तरी ते निवांतपण सोसत नव्हतं. एका रविवारी मी गोंदियाहून रस्सा घेऊन नवेगावला गेलो. तिच्या सुनेने नव्या तांदळाचा भात आणि पोळ्या केल्या होत्या. काकी खाटेवर उठून बसली, हळूहळू जेवली, माझ्या मुलांची चौकशी केली, आणि हात धुऊन म्हणाली, "रस्सा बम चांगला झाला. पोट भरलं."

ताट उचलून मी मागच्या दाराने मोरीवर गेलो. सवयीने पाहिलं. भात ताटभर पसरवला होता, खाल्ल्यासारखा दिसावा म्हणून; पोटात जेमतेम दोन घास गेले असतील. मासोळीचा तुकडा पोळीखाली सरकवलेला होता, तसाच अख्खा.

पुढच्या दारात दिनेशची गाडी थांबल्याचा आवाज आला. मी नळ सोडला आणि तो आत यायच्या आत ते ताट घासून टाकलं.