पंचनाम्याआधी सारवलेलं अंगण

धुळे-सुरत गाडी आमच्या फाट्यावर थांबायची ती कंडक्टरच्या मर्जीने. त्या दिवशी नेमकी थांबली. साक्रीच्या पुढचा तो फाटा, मी, नवरा, एक पत्र्याची पेटी आणि बाजरीच्या पिठाचं गाठोडं. लग्नाला महिना झाला होता. माय पदराने डोळे पुसत होती, म्हणून आबा तिच्यापुढे आडवे उभे राहिले आणि खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "बठ्ठं बरं शे, आसंच सांगजो. तुन्ही माय भलती काळजी करस."

काहीही झालं तरी सगळं बरं आहे म्हणायचं, हे आबांचं सांगणं मी अठरा वर्षं इमानेइतबारे पाळलं.

सुरतेत मी लगेच रुळले असं सगळ्यांना सांगते. खरं तर दोन वर्षं लागली. नवरा लूमवर, मी खोलीत साड्यांना लेस लावत बसलेली. इथलं 'छे' आणि आपलं 'शे' जवळजवळ सारखंच, त्यामुळे बोलणं पटकन आलं. आता झेरॉक्सच्या दुकानात माझं स्वतःचं टेबल आहे. ऑनलाइन फॉर्म, आधारची दुरुस्ती, रेशनकार्डात नाव चढवणं, सगळं करते. सुनंदाबेनने भरलेला फॉर्म परत येत नाही, असं गल्लीत बोलतात. ही फुशारकी आहे आणि ती मी मारणारच.

मागच्या वैशाखात एका दुपारी गावावरून वादळ गेलं. मी फोन केला तर आबांचं ठरलेलं उत्तर आलं, बठ्ठं बरं शे. तासाभरात गावाच्या ग्रुपवर फोटो पडले. एका फोटोत पिंपळाच्या फांदीत अडकलेला निळा पत्रा होता. तो मी ओळखला. माझ्या लग्नात मांडवामागे गंजका पत्रा दिसू नये म्हणून आबांनी तो स्वतः रंगवला होता. मग मायने रडत सांगितलं, घराचे पत्रे गेले, कांदाचाळीचं छप्पर गेलं आणि चाळीतला निम्मा कांदा गारांनी भिजला.

हे तर माझ्या हातचं काम. तलाठी पंचनाम्याला येतील, सातबारा, आधार, पासबुक एका पिशवीत काढून ठेवा, असं मी धडाधड सांगून टाकलं. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. ती सांगावी लागेल असं, स्वतः एकदा ठेच खाऊनही, डोक्यातच आलं नाही.

साहेब घरी येणार म्हटल्यावर माझ्या माणसांनी काय केलं असेल? मायने अंगण सारवलं, रांगोळी काढली. आबांनी गोठ्याचे पत्रे काढून घरावर चढवले आणि गुरं निंबाखाली बांधली. वाकलेले पत्रे नाल्यात ढकलले. सडका कांदा तर घाण दिसते म्हणून पार नाल्यापलीकडे नेऊन टाकला. तलाठ्यांना ठेवणीतल्या कपबशीत चहा दिला. त्यांनी वर पाहिलं, पत्रे जागच्या जागी. घराचं नुकसान दिसून येत नाही, असं लिहून ते पुढच्या घरी गेले. आबा फोनवर खुशीत होते. "साहेब म्हने, आबा, घर झकास ठेयेल शे."

मी कपाळावर हात मारून घेतला. "आबा, साहेब काय सोयरीक कराले उनथात का?"

"लोकेसले उघडं घर कसं दखाडानं? आपली काही इज्जत शे का नहीं?" म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

मृग महिन्यावर आला होता. घराला पत्रे होते तर गोठा उघडा, गोठ्याला घातले तर घर उघडं. फेरपंचनाम्याचा अर्ज मी इथे बसून लिहू शकत होते, पण दोन दिवसांत तलाठी दुसऱ्या गावाला लागणार होते. त्याआधी नाल्यातलं मोडकं बाहेर काढून चारचौघांत दाखवायला आबाच हवे होते, आणि आबा हटून बसले होते. मी दोनदा समजावलं, एकदा भांडले. काही उपयोग झाला नाही.

तिसऱ्यांदा व्हिडिओ कॉल केला आणि जे कधीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते सांगून टाकलं. तीन पावसाळ्यांपूर्वी इथल्या खाडीचं पाणी आमच्या खोलीत शिरलं होतं. कमरेएवढं. गाद्या, धान्य, शिलाई मशीन सगळं त्यात. पाणी ओसरल्यावर मी फिनाईलने खोली लखलखीत धुतली, नवा पडदा लावला, आणि दुसऱ्या दिवशी सर्वेवाले आले तेव्हा त्यांना बसायला खुर्ची दिली. "तमारे तो कंई थयुं नथी, बेन," म्हणत नुकसान शून्य लिहून ते निघून गेले. शेजारणीने चिखल तसाच ठेवला होता, तिचं नाव मदतीच्या यादीत लागलं. तेव्हाही मी पडद्यासमोर बसून मायला कॉल केला आणि बठ्ठं बरं शे म्हणाले. आबांना हे सांगताना मी मोठ्याने रडले. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तरी रडले.

आबांनी फोन तोंडाशी अगदी जवळ धरला.

"इतलं व्हयनं आनि माले सांगं नहीं?"

"तुमीच सांगेल व्हतं ना, आबा."

मग ज्या माणसाने जन्मात कुणाला विचारून काही केलं नाही, तो मला म्हणाला, "आते मी काय करू ते सांग, माय."

खोटं काही मांडायचं नाही, आहे तेच दाखवायचं, एवढं मी बजावलं. आबांनी वाकलेले पत्रे नाल्यातून ओढून आणले. ग्रुपवरचा पिंपळाचा फोटो मी अर्जाला जोडला. आबा साक्रीला जाऊन तहसीलमध्ये अर्ज स्वतः देऊन आले. तलाठी सज्जन निघाले, पुन्हा आले, उघड्या गोठ्यासमोर उभे राहिले, नाल्यापलीकडे जाऊन कांद्याचा ढीगही पाहून आले. सुरतेतल्या आमच्या गावकऱ्यांनी ताडपत्र्या जमवून त्याच धुळ्याच्या गाडीने पाठवल्या. आबांचं नाव यादीत लागलं आणि मृगाच्या आत घर नि गोठा दोन्ही झाकले गेले. आता आबाच गावात सांगत फिरतात, "आधी दखाडा, मंग झाडा." माझं नाव घेत नाहीत, पण चालतं.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, आपण दोघंही एकमेकांना सारवलेलं अंगणच दाखवत आलो. मी आता कॉलवर पडद्यासमोर बसत नाही. आबाच सांगतात, मागचा कोपरा दाखव. मग मी गळक्या छताखालची बादली दाखवते आणि ते तिकडून डागडुजी शिकवतात. माझं घर आता तिथेही आहे आणि इथेही, कारण दोन्हीकडचं मोडकं दोघांनाही ठाऊक आहे.

दिवाळीला गेले होते. तो चेपलेला निळा पत्रा आबांनी गोठ्याला अगदी रस्त्याच्या बाजूने ठोकलाय. रंग दिलेला नाही. परतताना फाट्यावर गाडी थांबली. आबा खिडकीशी आले.

"जे व्हई ते सांगजो."

"आनि माय?"

त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. या वेळी ते तिच्यापुढे आडवे उभे राहिले नव्हते.

"ती काळजी करी," आबा म्हणाले. "करू दे."