हारतुऱ्यांमधले इंट्रॉन

नव्वदच्या आसपास मी धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. जूनमध्ये नेमायचे आणि एप्रिलमध्ये मोकळं करायचे. बायको जळगावला माहेरी. नोकरी कायम झाली की देवपुरात दोन खोल्या घ्यायच्या, असं आमचं ठरलं होतं. त्या खोल्यांच्या पडद्यांचा रंगही तिने ठरवून टाकला होता. ठरवायचं राहिलं होतं ते फक्त संस्थेच्या अध्यक्षांनी. त्यांना सगळे नाना म्हणत.

एका शनिवारी विज्ञान मंडळाचं उद्घाटन निघालं. प्राचार्यांनी मला बोलावलं. "व्याख्यान तुमचं. विषय नवा घ्या, पण नानांना कळेल असा." पुढचं त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं. मी इंट्रॉन घेतला. बायको ऐकायला मुद्दाम जळगावहून आली आणि मागच्या रांगेत बसली.

कार्यक्रम चारचा होता, म्हणून नाना साडेपाचला आले. पंख्याने समई विझवल्यामुळे दीपप्रज्वलन दोनदा झालं. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, आणि परिचय करून देणाऱ्यांचाही परिचय. शेवटी माईक माझ्याकडे आला.

मी म्हणालो, "जनुक म्हणजे प्रथिन कसं करायचं याची पाककृती. बॅक्टेरियात ती सलग लिहिलेली असते. आपल्यात मात्र कृतीचे तुकडे असतात, आणि मध्ये मध्ये लांबलचक मजकूर, ज्याचा त्या पदार्थाशी संबंध नाही. तो इंट्रॉन. पेशी आधी सगळ्याची नक्कल काढते, मग इंट्रॉन कापते आणि कामाचे तुकडे..."

"क्षणभर व्यत्यय," सूत्रसंचालक माईकपाशी आले. "चाळीसगावहून मान्यवर पधारले आहेत." शाल, नारळ, टाळ्या.

"...आणि कामाचे तुकडे जोडते," मी म्हणालो. तेवढ्यात जामनेरचे मान्यवर आले. पुन्हा शाल, पुन्हा नारळ. त्यांच्या निमित्ताने नानांनाही आणखी एक हार पडला.

माईक परत हाती आला तेव्हा माझी जीभ माझी राहिली नव्हती. "आता उदाहरण शोधायला नको. माझं व्याख्यान म्हणजे कामाचे तुकडे, मधले हारतुरे म्हणजे इंट्रॉन. घरी जाताना तेवढे कापा आणि उरलेलं जोडून घ्या."

मुलं खदखदून हसली. प्राचार्य हसले नाहीत. नानांनी गळ्यातला झेंडू चाचपला आणि जागेवरूनच आपल्या अहिराणीत विचारलं, "म्हणजे सर, मना हार इंट्रॉन शे का?"

मागच्या रांगेत बायकोने पदर तोंडाला लावला. आमच्या दोन खोल्या, पडद्यांसकट, पांझरेच्या पुरात निघालेल्या मला दिसल्या.

"नाना," मी म्हणालो, "बॅक्टेरियात इंट्रॉन जवळजवळ नसतात. फार चटपटीत जीव, वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. पण युगानुयुगं झाली, अजून बॅक्टेरियाच आहेत. काही शास्त्रज्ञ म्हणतात, इंट्रॉन पहिल्यापासून होते, बॅक्टेरियांनी घाईत टाकून दिले. काही म्हणतात, ते मागाहून आगंतुकासारखे आले आणि मुक्काम ठोकला. काही असो, ते राहिले म्हणून आपली एक सोय झाली. तुकडे वेगवेगळ्या तऱ्हांनी जोडता येतात आणि एकाच जनुकातून दोन-तीन प्रथिनं निघतात. एका पेशीने कापून टाकलेला तुकडा दुसरीला हवा असतो."

नानांनी विचार केला. "म्हणजे हार शे, म्हनीसन मानूस शे!" हार आहे म्हणून माणूस आहे, हा त्यांचा निष्कर्ष.

"साधारण," मी म्हणालो. शास्त्रात इतकी सूट कोणी देत नाही, पण शास्त्राला देवपुरात खोल्या घ्यायच्या नव्हत्या.

टाळ्या झाल्या. नाना अध्यक्षीय भाषणाला उठले. संस्थेची पहिली खोली, पत्र्याचं छप्पर, मग विहीर. विहिरीला पाणी कसं लागलं हे मी त्याच वर्षी तीनदा ऐकलं होतं. माझ्या कानांनी ताज्या ज्ञानाचा उपयोग करून सगळं भाषण कापायला घेतलं. मी छताजवळचं चिमणीचं घरटं पाहत बसलो. अचानक टाळ्यांचा कडकडाट झाला. मी दचकलो आणि सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. सभागृह पुन्हा हसलं.

शेजारच्या सहकाऱ्याने माझे हात धरले. "अहो सर, तुमच्यासाठीच वाजवताहेत. तुम्ही काय वाजवताय?"

म्हणजे काय, ते विचारायची सोय नव्हती. आभारप्रदर्शन संपेपर्यंत मी नम्र चेहरा करून बसलो. बाहेर बायको उभी होती.

"नाना काय म्हणाले, ऐकलंत?"

"विहिरीचं."

"विहिरीनंतर?"

मी चिमणीच्या घरट्याचं सांगितलं.

"जूनपासून तुम्हाला कायम केलं. विहीर आणि वसतिगृह यांच्या मध्ये, एका वाक्यात." तिला हसू आवरेना. "सगळं भाषण कापलंत ते कापलंत, कामाचा तेवढा तुकडाही कापलात!"

जूनमध्ये आम्ही खोल्या घेतल्या. पडदे पिवळे लावले, झेंडूच्या रंगाचे. रंग आधीच ठरला होता, असं ती अजून शपथेवर सांगते. आणि कॉलेजात कोणी हारतुरे कमी करायची गोष्ट काढली की नाना म्हणायचे, "बठ्ठा विज्ञानात सिद्ध व्हयेल शे," म्हणजे सगळं सिद्ध झालेलं आहे, आणि सभा माझ्याकडे वळून पाहायची.