तेजरामभाऊंचे वीस हात

आसगावच्या दंडारीत, म्हणजे गावच्या नाटकात, तेजरामभाऊंना कधी बोलकं काम मिळालंच नाही. कधी हरीण, कधी पहारेकरी, एकदा तर नुसता समुद्र. निळ्या लुगड्याखाली बसून तासभर हलायचं. रावण मात्र त्यांना तोंडपाठ. धानाला पाणी सोडतानाही असे गडगडाटी हसायचे, की बांधावरून बायको धुरपताबाई ओरडायची, "अवो, बगळे भिऊन राहिले ना!"

यंदा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, खेळात रावण मिळाला. आणि त्याच आठवड्यात रावणाची पुठ्ठ्याची नऊ डोकी उंदरांनी खाल्ली. गव्हाच्या खळीनं चिकटवलेली. त्यांचा तरी काय दोष!

"एका डोस्क्याचा रावण लोकं पाहतीन काय गा?" मंडळाचे गोपीचंद म्हणाले. "दुसरा खेळ लावू. तू पहारेकरी हो."

तेजरामभाऊ भडकले. मंडपात एलईडीच्या नव्या माळा लावून पाहणं चालू होतं. तिथेच त्यांनी रागानं तलवार गरगर फिरवली, आणि हवेत तलवारींचा अख्खा पिसारा उभा राहिला.

"धुरपता! माहे हात मोज!"

"दोनच हायेत. जेवताना पाहतो ना मी," डबा घेऊन आलेली धुरपताबाई म्हणाली.

"हलवतानी मोज!"

"एक, दोन, पाच... अगा माय! हे त वीस होतीन!"

"जादू नाही, मामा," शिडीवरून वायरमन वीरेंद्र म्हणाला. "स्वस्तातली माळ हाय, थेट घरच्या लायनीवर चालते. सेकंदाले पन्नासदा विझते नि पेटते. एरवी समजत नाही, पण हलती वस्तू तुकड्या-तुकड्यानं दिसते."

तेजरामभाऊंना एवढंच पुरे होतं. "गोपीचंदभाऊ, रावणाले हात किती?"

"वीस."

"मंग? डोस्के गेले, हात शाबूत हायेत!"

रावण वाचला.

खेळाच्या दिवशी तेजरामभाऊ गर्जना करत आले, तलवार फिरवली. एकच तलवार, दोनच हात. जोरात फिरवली. तरी दोनच. म्हाताऱ्यांचे डोळे दुखतात म्हणून गोपीचंदांनी सकाळीच माळा काढून चांगले, न लुकलुकणारे दिवे लावले होते. रावणाला सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

तेजरामभाऊंचे हात फिरतच होते.

पुढच्या रांगेतून शकुनबाईंनी विचारलं, "काऊन गा तेजराम, माशा हाकलून राहिला काय?"

रावण गरजला, "हो माय! सोन्याची लंका हाय, पण गुळाची ढेप उघडी कोणी ठेवली?"

मंडप हशानं फुटला. मग बिभीषणापासून मंदोदरीपर्यंत सगळ्यांना गुळाचा जाब विचारला गेला. दर वाक्याला शिट्ट्या. शेवटी राम झालेल्या कमलेशनं धनुष्य ताणलं, तशा शकुनबाई उठून उभ्या राहिल्या.

"मारू नोको रे! मारशीन त घरी ये, मंग पाहतो तुले!"

कमलेश त्यांचाच नातू. त्यानं धनुष्य खाली केलं. मागून आरोळ्या उठल्या, "रावण! रावण!"

तलवार वर धरून तेजरामभाऊ दातांतल्या दातांत पुटपुटले, "मार ना बाप्पा लवकर. खांदे गळून राहिले."

"कसा मारू, मामा?" राम रडवेला झाला होता. "आजी नाही म्हणते ना!"