पाचवं पान

अर्लीन होकन्सनने सत्तावीस वर्षं एल्म फोर्क गावच्या शाळेच्या ऑफिसात काढली. त्या काळात मुख्याध्यापक चार बदलले, अर्लीन बदलली नाही. त्यांनी लिहिलेलं एकही पत्र तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे, आणि बाहेर पडेपर्यंत त्यातली निम्मी वाक्यं उडालेली असत. "अर्लीनने वाचलंय ना?" एवढं विचारून लोक सही करत. तिला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली आणि नवरा, वेंडेल, जाऊन तीन. तरी गावात कोणाचा मृत्युलेख लिहायचा असला किंवा चर्चच्या सूचना टाईप करायच्या असल्या, की अजून तिलाच फोन येतो. एरवी येत नाही.

त्या सप्टेंबरात शाळेतून फोन आला तो वेगळ्या कामासाठी होता. इथिओपियाहून एक शिक्षिका सहा आठवड्यांसाठी येणार होती, तिला राहायला घर हवं होतं. "बघते, विचार करून सांगते," अर्लीन म्हणाली. फोन ठेवला आणि वर जाऊन मुलाच्या, डॅरेलच्या, रिकाम्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातली.

शिक्षिकेचं नाव त्सिगे. वय पस्तीसच्या आसपास. भूगोल शिकवायची. गोंदर नावाच्या शहरात दोन मुली आईकडे ठेवून आली होती. पहिल्याच संध्याकाळी अर्लीन तिला म्हणाली, "मला नुसतं अर्लीन म्हण."

"तोंडातून निघणार नाही हो. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या."

"मग काय म्हणणार?"

"एमामा. आमच्याकडे सगळ्या आयांना म्हणतात."

"मला आख्ख्या गावात कोणी आई म्हणत नाही. माझा मुलगासुद्धा फक्त रविवारी चार वाजता म्हणतो." अर्लीन हसत म्हणाली, पण दुसऱ्या आठवड्यात शाळेतल्या लोकांसमोर त्सिगे तिला "मिसेस होकन्सन" म्हणाली, तेव्हा तिला उगाच आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

त्सिगेकडे एक निळी वही होती. रोज जेवताना ती वहीतलं वाचून दाखवायची आणि अर्लीनला हसू आवरायचं नाही.

"एमामा, आज बँकेपाशीच्या चौकात चार बाजूंनी चार गाड्या आल्या. चौघंही थांबले. चौघांनीही एकमेकांना तुम्ही आधी, तुम्ही आधी म्हणून हात केले. आणि चौघंही तिथेच! मी घड्याळात पाहिलं. पाऊण मिनिट."

"त्यातली एक गाडी हिरवी होती का?"

"होती."

"मग ती बेव. ती अजून तिथेच असेल."

बेव लिंडक्विस्ट म्हणजे शेजारीण. दोघींच्या घरांमध्ये गवताचा एक पट्टा आणि एक मेपलचं झाड. तीस वर्षं दोघी एकमेकींना गाडीतून हात करत होत्या. वेंडेल गेला तेव्हा बेवने हॅम-बटाट्याचं मोठं ताट भरून, भाजून आणून दिलं होतं, चंदेरी पत्र्याच्या, वापरून फेकायच्या ताटात. "ताट परत नको हं करूस, फेकून दे," असं चार वेळा बजावूनही गेली होती. अर्लीनने ते फेकलं होतं. त्यानंतर बेवला आत यायला निमित्त राहिलं नाही आणि अर्लीनलाही तिच्याकडे जायला.

हीच बेव त्सिगेला पहिल्या दिवशी कुंपणावरून म्हणाली, "कधीही ये गं घरी! अगदी कधीही!" त्सिगे शनिवारी सकाळी साडेनऊला गेली, हातात तिने स्वतः भाजलेला पाव. दहाव्या मिनिटाला ती परत आली, पाव हातातच.

"काय झालं?"

"त्या झोपायच्या झग्यात होत्या. दार उघडलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाल्या, अर्लीनला काही झालं का? मी म्हटलं, नाही, मी भेटायला आले. तर म्हणाल्या, हो हो, पण का?"

अर्लीनने डोक्याला हात लावला. "अगं, आधी फोन करायचा असतो."

"पण त्या म्हणाल्या ना, कधीही."

"कधीही म्हणजे फोन करून ठरवून, मग कधीही."

त्सिगेने वही काढली आणि उभ्याउभ्याच काहीतरी लिहिलं. नंतर अर्लीनने बेवला फोन करून माफी मागितली. बेवने अर्लीनची मागितली. पाव अर्लीन आणि त्सिगेनेच तीन दिवस खाल्ला.

ऑक्टोबरच्या शेवटी पाद्रीणबाईंनी, म्हणजे पाद्रींच्या बायकोने, त्सिगेला विचारलं की रविवारी प्रार्थनेनंतर तळघरातल्या हॉलमध्ये बोलशील का? आम्ही तुला कसे दिसलो, ते मोकळेपणाने सांग. कॉफी असेल, लोकांनी केलेल्या वड्या असतील. त्सिगेने दोन रात्री बसून सात पानं लिहिली आणि ती अर्लीनच्या हातात दिली. "टाईप करून द्याल? आणि चुका काढा, एमामा. सोडू नका."

शुक्रवारी दुपारी त्सिगे शाळेत असताना अर्लीन टाईप करायला बसली. पहिली चार पानं झरझर गेली. चौकातल्या गाड्या, बेवच्या कुत्र्याचा दातांचा डॉक्टर, पानं झाडायची नाहीत तर पंख्याने शेजाऱ्याकडे उडवायची ती यंत्रं, गाडीत बसून एकट्याने प्यायची ती कॉफी. पाचवं पानही तिच्या बोटांनी सवयीने टाईप करून टाकलं. एक स्वल्पविराम चुकीच्या जागी होता, तो तिने उचलून नीट लावला. मग त्या वाक्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोचला.

"मी ज्यांच्याकडे राहते त्या पोस्टात जातात आणि एकच तिकीट घेतात. मी विचारलं, पाकीटभर का घेत नाही? म्हणाल्या, लागेल तेवढंच घ्यावं. मग माझ्या लक्षात आलं, एकच घेतलं की परवा पुन्हा जाता येतं. पोस्टातला माणूस त्यांना नावाने हाक मारतो. बाहेर पडताना त्या स्वयंपाकघरातला टीव्ही चालू ठेवतात, म्हणजे परत आल्यावर घरात कोणीतरी बोलत असतं. आमच्या गोंदरमध्ये म्हातारं माणूस रोज एकटं जेवलं तर तो शेजाऱ्यांचा कमीपणा समजतात. इथल्या शेजाऱ्यांना बहुतेक हे माहीतच नसावं. ती माणसं चांगली आहेत, म्हणून सांगते."

अर्लीनचे कान तापले. आपण हे इतकं बेमालूम करत होतो, असं तिला वाटत होतं.

राग आला असता तर सोपं झालं असतं. पण तिला डोळ्यांसमोर दिसला तो गावातला एकटा म्हातारा मर्ल ओडेगार्ड. गेल्या वर्षी चर्चच्या याच हॉलमध्ये कॉफी घेताना कोणीतरी म्हणालं होतं, मर्ल हल्ली गप्प गप्प असतो नाही? बस, एवढंच. सगळ्यांना काळजी वाटली. एकाने त्याच्या मुलीला फोन केला, मग दुसऱ्याने, मग पाद्रींनी. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेर घरच्यांनी एकत्र जेवायच्या सणाच्या, आत मर्लच्या घरापुढे विक्रीची पाटी लागली आणि मर्ल मुलीच्या गावातल्या वृद्धांच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. सगळे म्हणाले, बरं झालं, आता काळजी नाही. डॅरेलही, बायको कॅरोलसोबत तो राहत होता त्या फीनिक्सहून, अशाच एका वसाहतीची चकचकीत पत्रकं पाठवत होता. दोन आली होती. तिसऱ्याला त्याला फक्त निमित्त हवं होतं.

तिने पाचवं पान खोडलं. सहाव्याचं पहिलं वाक्य चौथ्याच्या शेवटाला असं जोडलं की शिवण कुठे दिसू नये. त्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

संध्याकाळी त्सिगेने छापलेले कागद वाचले, मागेपुढे केले. "एक पान राहिलं."

"लांबत होतं."

"एमामा."

अर्लीन सिंकमधली एकुलती एक बशी घासत होती. "असं कोणाच्या घरातलं चारचौघांत सांगितलेलं इथे आवडत नाही गं."

"मी वाईट म्हणून नाही लिहिलं. आमच्याकडे असं नुसतं बोललं, की दुसऱ्या दिवशी दहा बायका दारात येतात. कोण भाकरी घेऊन येतं, कोण पोर घेऊन."

"इथे दुसऱ्या दिवशी मुलाला फोन जातो," अर्लीन म्हणाली. "आणि महिन्याभरात घराला पाटी लागते. दहा बायका येतात, पण सामान बांधायला."

त्सिगेने कागद टेबलावर ठेवले. "पण एखादी तरी आली असती. बेव?"

"आली असती की. आधी फोन करून." अर्लीनने बशी पुसली. "मला वचन दे, हे बोलणार नाहीस."

त्सिगेने दिलं. द्यायला आवडलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर होतं.

रविवारी हॉल भरला होता. अर्लीन कॉफीच्या टेबलामागे उभी राहिली, म्हणजे हाताला काम राहतं. चौकातल्या गाड्यांवर लोक इतके हसले की पाद्रींना चष्मा पुसावा लागला. "ती हिरवी गाडी माझीच!" बेव ओरडली, आणि पुन्हा हशा. जिथे ते पान होतं तिथून त्सिगे सरळ पुढे गेली. कोणाला काही कळलं नाही.

शेवटी मागच्या रांगेतल्या शेतीच्या औजारांच्या दुकानवाल्याने हात वर केला. "सगळं गोड गोड सांगितलंस, पोरी. खटकलं काय, ते सांग ना. आम्हाला चालतं."

त्सिगेने टेबलाकडे पाहिलं. अर्लीन कागदी पेले मोजायला लागली. मोजण्यासारखे नव्हतेच, रचून ठेवलेले होते. तिला एक क्षण असंही वाटलं, की मोडावं हिने वचन. होऊ दे काय व्हायचं ते. कोणीतरी म्हणू दे. तिने वर पाहिलं असतं तर कदाचित त्सिगे बोललीही असती. पण तिने वर पाहिलं नाही.

"तुमची कॉफी," त्सिगे म्हणाली. "फार पातळ."

त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा तोच. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

वड्या संपत आल्या तेव्हा बेव टेबलापाशी आली. "काय गोड बाई आहे! ती गेल्यावर घर खायला उठेल तुला."

"छे गं. मला कामं काय कमी आहेत?"

"तेच म्हणते मी. बाकीच्यांचं बघून जीव हळहळतो, पण तुझी मला कधी काळजी वाटत नाही, अर्लीन." बेवने तिच्या दंडावर थोपटलं, मग फोन काढला. "ये, दोघींचा फोटो घेते. डॅरेलला पाठवते, बघ म्हणावं तुझी आई."

त्सिगे बुधवारी गेली. विमानतळावर दारापाशी गाडी जास्त वेळ उभी करू देत नाहीत. त्सिगेने तिच्या गालाला तीनदा गाल लावला, एकदा या बाजूला, एकदा त्या, पुन्हा या. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. त्सिगे काहीतरी म्हणाली, ते अर्लीनला त्या भोंग्यात ऐकू आलं नाही, आणि दारं आपोआप बंद झाली.

पुढच्या रविवारी चार वाजता डॅरेलचा फोन आला. त्याचा आवाज मोकळा होता, बऱ्याच दिवसांनी.

"बेवने फोटो पाठवला. तिने लिहिलं, तुझी आई आम्हा सगळ्यांना पुरून उरेल. आई, ती पत्रकं टाकून दे, मी उगाच घाई करत होतो."

"टाकते," अर्लीन म्हणाली. तिच्या अंगातून कितीतरी दिवसांचा ताण उतरला. घर राहिलं.

"आणि ऐक, थँक्सगिव्हिंगचं. आम्ही यायचं ठरवत होतो, म्हणजे मुख्य तुझ्यासाठीच. पण तू इतकी छान आहेस म्हटल्यावर कॅरोलच्या आईकडे जातो या वेळी. तिचं फार बरं नसतं, तिला गरज आहे. तुला चालेल ना?"

बाहेर बेवच्या अंगणात पानं उडवायचं यंत्र सुरू झालं होतं. अर्लीनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"न चालायला काय झालं? मलाही बोलावणी आहेतच की."

"मला माहीतच होतं. कोणाकडे जाणार?"

"अजून ठरवायचंय," ती म्हणाली. "दोघीतिघींनी विचारलंय."

"आई, खरंच ना? एकटी नाही ना राहणार?"

तो थांबला होता. पलीकडे टीव्ही चालू होता, तोही त्याने बंद केला. अर्लीनला ते ऐकू आलं. सत्तावीस वर्षं तिने दुसऱ्यांची वाक्यं नेमकी करून दिली होती. या ठिकाणी एकच वाक्य पुरलं असतं, चार शब्दांचं, "मी एकटीच असणार आहे", आणि ते तिला पाठ होतं.

"खरंच रे," ती म्हणाली. मग तिने जोडलं, "माझ्या वाढदिवसाला ये, जमलं तर."

"मे महिन्यात?"

"हो. मे महिन्यात."

"नक्की येतो," डॅरेल म्हणाला, आणि टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू झाला.